मोहाच्या मुलखातले तेल-पाणी

यवतमाळ सोडून दक्षिणेला पांढरकवड्याकडे निघाले, की पऱ्हाटीच्या शेतांमधून मोहाची झाडे भेटू लागतात. गावांच्या नावांतही मोह आहे. कळंब तालुक्यात जोडमोहा, केळापूर तालुक्यात मोहदा. पुढे घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला गोंड आणि कोलाम बांधवांची वस्ती. कोलामांच्या वस्तीला इकडे ‘पोड’ म्हणतात.

मोहफुले सर्वांना ठाऊक असतात. पण घरातल्या बायांना मोलाची ती टोळी, म्हणजे मोहाची बी. फुले चैत्रात वेचायची, फळ पावसाच्या तोंडावर पिकते. टोळी फोडून आतला गर वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि दोन लाकडी फळ्यांत दाबून तेल काढायचे, ही जुनी रीत. हे तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते भाजीला चालते, दिव्याला चालते आणि डोक्यालाही लावतात. उरलेल्या ढेपेत रिठ्यासारखा फेस येणारा अंश असतो, म्हणून पूर्वी तिनेच डोके धूत. एकाच बीने तेल दिले आणि साबणही! मात्र ही कच्ची ढेप गुरांपुढे टाकू नये. तिच्यातला हाच अंश त्यांना बाधतो.

ज्यांच्याकडे टोळी नाही त्यांनी शिकेकाई, आवळकाठी आणि थोडा रिठा रात्री भिजत घालावा. सकाळी उकळून, फडक्याने गाळून, कोमट काढ्याने डोके धुवावे. डोळे मात्र मिटून घ्यावेत.

भगिनींनो, तेलाचे काम तेवढेच समजून घ्यावे. तेलाने केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात. नवे केस उगवतात ते अन्नातून. अंगात रक्त कमी असले की केसांचे पुंजके हाती येतात. तेव्हा तेलाची बाटली बदलण्यापेक्षा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

आता जपायची गोष्ट. कापसाच्या मुलखात घरोघरी फवारणीचे औषध असते. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या, की कुणीतरी सुचवते, ‘थेंबभर तेच लाव.’ हे कधीही करू नये. डोक्याची कातडी विष लवकर शोषते. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. जे विष शेतात, उघड्या वाऱ्यात माणसाला आडवे करते, ते लेकराच्या डोक्यावर कसे घालायचे? सीताफळाच्या बियांची पूडही टाळावी. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.

उवांना साधा उपाय आहे. केस ओले करून भरपूर तेल लावावे आणि बारीक दातांच्या फणीने बटेबटेने विंचरावे. दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांचीच डोकी एकदम पाहावीत. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडून उवांचेच औषध घ्यावे.

फवारणी करून आलेल्या घरधन्याला मात्र काढा-शिकेकाई पुरणार नाही. त्याने आधी कपडे बदलून साबणाने आणि भरपूर पाण्याने डोक्यासकट आंघोळ करावी, मगच लेकरांना जवळ घ्यावे. तेलाची बाटली देवळीत आणि औषधाची बाटली घराबाहेर, कुलपात. या दोघींची गाठ कधी पडू देऊ नये.