डावा हात, लॅपटॉप आणि न येणारं नवं मॉडेल

जुलै २०२१. रात्री साडेअकरा वाजता मी माझ्याच दवाखान्यात टेबलावर झोपून स्वतःचा ईसीजी काढून घेत होतो.

त्या दिवशी सकाळपासून डावा हात दुखत होता. दुखणं पाठीच्या पात्यापासून सुरू व्हायचं, दंडाच्या मागच्या बाजूने खाली उतरायचं आणि मधल्या बोटापाशी मुंग्या येऊन थांबायचं. वय बावन्न, वडिलांना हृदयविकार, जागरणं भरपूर. अशा पेशंटला मी काय सांगितलं असतं हे मला ठाऊक होतं, आणि तरीही दिवसभर मी "गॅस असेल" म्हणत ओपीडी उरकली. डॉक्टर हा सगळ्यात बेशिस्त पेशंट असतो, हे माझी बायको नेहमी म्हणते.

ईसीजी नॉर्मल निघाला. पण एका नॉर्मल ईसीजीवर हृदयविकार नाही असं म्हणता येत नाही, हे याच ब्लॉगवर मी तुम्हाला आधी सांगितलं आहे. म्हणून ट्रोपोनिन ही रक्ततपासणी केली आणि तीन तासांनी पुन्हा केली. दोन्ही वेळा नॉर्मल. पहाटे घरी आलो, झोप लागली नाही.

सकाळी अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. त्याने माझं डोकं किंचित मागे आणि डावीकडे वाकवून वरून हलकेच दाबलं. वीज चमकावी तशी कळ थेट मधल्या बोटापर्यंत गेली. मग त्याने मला डावा हात उचलून डोक्यावर ठेवायला सांगितलं. दुखणं अर्ध्यावर आलं. "मानेतली नस आहे. सातवी," तो म्हणाला, आणि पुढे विचारलं, "रोज किती तास लॅपटॉपवर असतोस?"

मी हिशोब करू लागलो. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हापासून व्हिडिओवर पेशंट बघणं सुरू झालं होतं. ऑनलाइन व्याख्यानं, रिपोर्ट, कोविडचे तक्ते, शिवाय हा ब्लॉग. दिवसाला सहा-सात तास सहज होत होते. तेही डायनिंग टेबलावर, पडदा पोटाच्या पातळीला आणि मान खाली.

आता थोडं शरीरशास्त्र. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर नीट तोललं जातं. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. भरलेली बादली शरीरालगत धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यचिकित्सकाने २०१४ मध्ये गणिती प्रारूप मांडलं होतं. त्यानुसार मान साठ अंश झुकली तर मानेवरचा भार सुमारे सत्तावीस किलोंपर्यंत जातो. हा हिशोब कागदावरचा आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेला नाही, आणि झुकलेली मान म्हणजे हमखास आजार असंही नाही. पण आधीच झिजलेली गादी असेल तर तासन्‌तास एकाच स्थितीत राहणं तिला मानवत नाही. माझी मानवली नाही.

एमआरआयबद्दल इथेच सांगतो, कारण पेशंट फाइल घेऊन घाबरून येतात. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय केले, तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक जणांच्या मानेत गादी थोडीफार बाहेर आलेली दिसली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' लिहिलं म्हणजे जग बुडालं असं नव्हे. तक्रार, तपासणी आणि फोटो ही तिन्ही जुळली पाहिजेत. माझी जुळली.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. त्याच आठवड्यात दवाखान्याचं शटर वर ढकलताना डावं कोपर सरळ होईना. सातवी नस दबली की दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, कमजोर होतो. याच स्नायूच्या जोरावर आपण कोपर ताठ ठेवून सीपीआर देतो. घरी उशीवर दाबून पाहिलं, तर विसाव्या-पंचविसाव्या दाबाला डावा हात वाकला. समोर उशीऐवजी माणूस असता तर? कोविडच्या त्या दिवसांत हा प्रश्न नुसता मनात ठेवण्यासारखा नव्हता.

आणि इथे मला लॅपटॉपचा राग आला. राग थोडा माझ्यावरही होता, पण आधी लॅपटॉपवर.

माझा लॅपटॉप २०१५ चा होता. कंपनीचं नाव घेत नाही. महागड्या, व्यावसायिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालिकेतला होता. २०१८ पासून मी नवा घेणार होतो. दरवर्षी बातमी यायची की यंदा संपूर्ण नवी रचना येतेय, आणि दरवर्षी तोच सांगाडा आत नवी चिप घालून यायचा. मी म्हणायचो, एवढे पैसे घालायचे तर नवीनच घेऊ, अजून सहा महिने थांबू. तीन वर्षं थांबलो. आता आठवलं की हसू येतं, कारण मी वाट बघत होतो त्या नव्या रचनेतही माझ्या मानेसाठी काहीच नसणार होतं.

दोष मुळातला आहे. आज आपण लॅपटॉप म्हणतो ती शिंपल्यासारखी मिटणारी रचना बिल मॉग्रिज या डिझायनरने ग्रिड कंपास या संगणकासाठी केली. तो बाजारात आला १९८२ साली, किंमत आठ हजार डॉलरच्या वर. पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले. प्रवासात वापरायला अप्रतिम कल्पना. पण पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला तर हात खांद्याएवढे वर जातात, आणि कीबोर्ड कोपराच्या पातळीला ठेवला तर पडदा खाली जातो. मान किंवा हात, दोघांपैकी एकाने सोसायचंच. १९९१ मध्ये ॲपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा केली. ही खरोखरची सुधारणा होती आणि पुढे सगळ्यांनी उचलली. पण बिजागरी तिथेच राहिली.

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असंही नाही. युरोपियन समुदायाने मे १९९० मध्ये पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी नियम केले. त्यांत कीबोर्ड पडद्यापासून वेगळा असला पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच नियमांतून 'दीर्घकाळ वापरात नसलेली' पोर्टेबल यंत्रं मात्र वगळली आहेत. तेव्हा ते बरोबरच होतं. लॅपटॉपवर दिवसाचे सात तास कोण काढणार, असंच १९९० मध्ये कुणालाही वाटलं असतं.

मग इतक्या वर्षांत बदललं काय? जाडी. यंत्र पातळ करण्याच्या नादात ॲपलने २०१५ मध्ये अगदी उथळ दाबाचा, फुलपाखरी म्हणतात तो कीबोर्ड आणला आणि पुढच्या वर्षी तो व्यावसायिक मॉडेलमध्येही घातला. कळा अडकू लागल्या, एकदा दाबलं की दोनदा उमटू लागलं. २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. जुन्या धाटणीचा कीबोर्ड परत यायला नोव्हेंबर २०१९ उजाडला, आणि काढून टाकलेली एचडीएमआयची खाच परत यायला ऑक्टोबर २०२१. दुसऱ्या बाजूला विंडोजवाल्या कार्यालयीन लॅपटॉपांवर १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा बुटका, रुंद पडदा वर्षानुवर्षं चालला. सिनेमाला ठीक. रक्ताचा रिपोर्ट उघडला तर अर्धा खाली लपलेला आणि अक्षरं बारीक. मग आपण काय करतो? हनुवटी पुढे काढून पडद्याकडे झुकतो. उंच पडदे आता कुठे पुन्हा दिसू लागले आहेत.

एवढा उशीर का लागतो याला कारणंही आहेत. नवा सांगाडा म्हणजे नवे साचे, बिजागरीच्या आणि उष्णतेच्या नव्या चाचण्या. मोठ्या कंपन्या एकदम शेकड्याने यंत्रं घेतात, त्यांना जुने चार्जर आणि डॉक चालायला हवे असतात. इंटेलच्या १० नॅनोमीटर चिप २०१६ च्या सुमारास येणार होत्या, त्या मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ लागलं, आणि त्यांच्या भरवशावर असलेले सगळे खोळंबले. हे सगळं मला समजतं. पण मानेला समजत नाही.

(आपल्याकडचा एक बदल मात्र झाला. भारत सरकारने रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि ते अनेक लॅपटॉपांवर चारच्या कळीवर येऊन बसलं. मराठी अक्षरं कळांवर अजून बहुतेक ठिकाणी नाहीत. हा लेख मी अंदाजाने बोटं चालवत टाइप करतोय.)

मित्राने सांगितलं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. पडदा उंच करायचा आणि कीबोर्ड वेगळा लावायचा. हेच मी पेशंटना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. ऑनलाइन स्टँड मागवला, तर पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद. पार्सल कुठेतरी अडकून पडलं.

त्याच सुमारास रक्तदाबाचे माझे एक जुने पेशंट आले. उद्यमनगरात त्यांचं पॅटर्नचं दुकान आहे. फाउंड्रीत ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनतात, ते हे करतात. मी मानेला पट्टा लावून बसलेलो बघून म्हणाले, "काय वो डॉक्टर, तुमीच आजारी?" मी लॅपटॉपची सगळी कर्मकथा सांगितली. त्यांनी खिशातून टेप काढली, मला खुर्चीत ताठ बसवलं, टेबलापासून माझ्या डोळ्यांपर्यंत अंतर मोजलं आणि म्हणाले, "तीन वर्षं थांबलासा? आमच्याकडं पार्टीला नमुना आवडला नाही तर परवादिवशी दुसरा द्यावा लागतोय."

तिसऱ्या दिवशी सागवानी स्टँड आला. पडद्याची वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत. पण दोन दिवसांत नवी अडचण. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. जवळचं वाचायचा भाग भिंगाच्या तळाशी असतो, त्यामुळे उंच पडदा वाचायला मी हनुवटी वर करू लागलो, आणि मान मागे गेली की माझी नस जास्त दबते. चाळिशीनंतरच्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा: असा चष्मा असेल तर पडदा थोडा खालीच हवा, किंवा संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मी मामांना फोन केला. त्यांनी स्टँड नेला, दोन इंच कापून संध्याकाळी परत दिला.

कीबोर्ड आणि माउस लक्ष्मीपुरीतून आणले, हजार-दीड हजारात. दर अर्ध्या तासाने उठायचा गजर लावला. फिजिओथेरपी सहा आठवडे. दुखणं पंधरा दिवसांत उतरलं, मुंग्या दोन महिने राहिल्या, कोपराची ताकद यायला दिवाळी उजाडली. असा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरा होतो. पण हातातली ताकद रोज कमी होत असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा कमी झाला असेल, तर एक दिवसही थांबू नका. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा दम लागत असेल, तर मानेचा विचारही मनात न आणता थेट हॉस्पिटल गाठा. मी दिवसभर ओपीडी केली ती चूक होती. ट्रोपोनिन नॉर्मल आलं हे माझं नशीब.

एक गोष्ट तरुण मुलांसाठी. लॅपटॉप नावाप्रमाणे मांडीवर घेऊ नका. रोजच्या उबेने मांडीवर जाळीदार तपकिरी डाग पडतात, शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर पडतात तसेच. २९ निरोगी पुरुषांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांड्या जुळवून तासभर लॅपटॉप घेतल्यावर अंडकोशाचं तापमान अडीच अंश सेल्सियसहून अधिक वाढलं होतं. त्यामुळे मूल होण्यात अडचण येतेच असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, पण टेबल असताना मांडी कशाला?

नवा लॅपटॉप मी शेवटी पुढच्या वर्षी घेतला. पातळ आहे, वेगवान आहे, पडदा थोडा उंच झालाय. बिजागरी तिथेच. तो त्याच सागवानी स्टँडवर ठेवला, तर पातळ असल्यामुळे पडदा बोटभर खाली गेला आणि चार्जरची वायर बाजूला आपटू लागली. मामा महिन्याच्या तपासणीला आले तेव्हा दाखवलं. बीपी मोजून होईपर्यंत ते स्टँडकडेच बघत होते. १३८/८४ आलं. "बरं हाय की," म्हणाले, आणि पट्टा सुटायच्या आधीच दुसऱ्या हाताने टेप काढली.