काळ्या पडद्यामागें

भुताची गोष्ट आवडत नाहीं असा विद्यार्थी आम्हांस वीस वर्षांच्या अध्यापनांत अद्याप भेटावयाचा आहे. व्याकरणाच्या तासास जांभया देणारा मुलगाही 'ओसाड वाड्यांत दिवा दिसला' एवढें ऐकतांच ताठ बसतो. म्हणून यंदा नववीच्या वर्गांत एक नवी रहस्यकादंबरी हातोहात फिरूं लागली, तेव्हां आम्हांस आनंदच झाला. तिचें वेष्टन तीन वेळां फाटलें व तीन वेळां बदललें गेलें. आम्ही शिकवितों त्या पुस्तकांस असें भाग्य लाभत नाहीं. शेवटीं आम्हींही ती मागून घेतली व दोन रात्रींत संपविली. तिचें नांव येथें देत नाहीं, कारण जें म्हणावयाचें आहे तें त्या एकाच पुस्तकाविषयीं नाहीं.

कथा कोंकणांतील आहे. (मराठी भुतें बहुधा कोंकणांतच कां वस्ती करितात, हें एक कोडेंच आहे. आमच्याकडेही भुईकोट किल्ला आहे, त्यास लागून सिद्धेश्वराचा तलाव आहे. पण सोलापूरच्या उन्हांत त्यांचा निभाव लागत नसावा.) सुटींत आजोळीं चार मुलें जमलीं आहेत. त्यांतील थोरलीची आजी नुकतीच वारली आहे. रात्रीं माडीवर आजीच्या काठीचा आवाज होतो. देव्हाऱ्यापाशीं तिच्या अक्षरांतील चिठ्ठी सांपडते. आणि एके रात्रीं अंधारांतून कोणी तरी मुलीस तिच्या लाडक्या नांवानें हांक मारितें. तें नांव आजीखेरीज कोणासच ठाऊक नव्हतें! येथपर्यंत ग्रंथकाराची लेखणी उत्तम चालली आहे. पाऊस, कंदील, करकरणारा जिना, सर्व आपापल्या जागीं आहे.

मग शेवटचीं आठ पानें येतात. तळघरांत मूर्ति चोरणारी टोळी पकडली जाते आणि फौजदारसाहेब मुलांच्या पाठीवर हात ठेवून 'भूत वगैरे कांहीं नसतें' असें सांगतात. काठी चोरांनीं आपटली, हें ठीक. पण चिठ्ठी कोणीं लिहिली? तें लाडकें नांव चोरांस कसें कळलें? यांचें उत्तर पुस्तकांत नाहीं. लेखक विसरले असावेत, किंवा मुलांच्या ध्यानांत राहणार नाहीं असें त्यांस वाटलें असावें.

मुलांच्या ध्यानांत सर्व राहतें. वर्गांतील एका मुलीनें आम्हांस विचारिलें, "सर, चोर सांपडले तें बरें झालें, पण मग हांक कोणीं मारली?" वर्ग हंसला. ती हंसली नाहीं. तिची स्वतःची आजी गेल्या दिवाळीच्या आधीं वारली होती. दीडशें पानें ती चोरांसाठीं वाचीत नव्हती, हें आम्हांस तेव्हां समजलें. तिनें प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकांस पत्र लिहून हाच प्रश्न विचारिला आहे; हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेलें नाहीं.

ही फसवणूक जुनी आहे. १७९४ सालीं अॅन रॅडक्लिफ या इंग्रज बाईंची 'दि मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' ही चार भागांची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका एमिली इटलींतील डोंगरी किल्ल्यांत एक काळा पडदा उचलते आणि मूर्च्छित पडते. पडद्यामागें काय होतें तें लेखिका सांगत नाहीं. वाचक शेंकडों पानें तळमळतो, आणि चौथ्या भागाच्या अखेरीस त्यास कळतें कीं तें प्रेत नव्हतेंच. कोणे एके काळीं प्रायश्चित्त म्हणून करविलेली ती मेणाची आकृति होती. बाईंच्या अशा उलगड्यांस सर वॉल्टर स्कॉटसारख्या चाहत्यानेंही नांवें ठेविलीं. जेन ऑस्टेननें तर 'नॉर्थँगर अॅबी' या कादंबरींत त्यांची मोठी गोड थट्टा केली. ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस निघाली. तींतील सतरा वर्षांची कॅथरिन 'उडॉल्फो' वाचून इतकी भारलेली आहे कीं परक्या घरीं वादळी रात्रीं एक कपाट उघडून ती आंतील कागदांची गुंडाळी छातीशीं धरिते. सकाळीं पाहते तों त्या धुणावळीच्या याद्या! येथेंही निराशाच आहे, पण ती कॅथरिनची. वाचकाची करमणूक होते.

आपल्याकडे गो. ना. दातार यांनीं रेनल्ड्सच्या आधारें रहस्यकथा रचिल्या, बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक पुस्तकें लिहिलीं, नारायण धारपांनीं भयकथेस घरोघरीं नेलें. ज्यांस भूत खरेंच दाखवावयाचें असेल त्यांनीं तें धारपांप्रमाणें खुशाल दाखवावें. त्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती भूत दाखवून मग फौजदाराच्या तोंडून तें पुसून टाकण्यास.

पालकहो, विलायतेंतील मुलीस उलगडा अर्धवट मिळाला तर ती पुस्तक मिटून चहास बसत असेल. येथें मात्र राहिलेला उलगडा पुरा करावयास देवऋषी तयार असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यास हत्या झाली त्याच वर्षीं, २०१३ सालीं, महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्याच्या अनुसूचींतील पहिलेंच कलम भूत उतरविण्याच्या नांवाखालीं माणसास दोरानें वा साखळीनें बांधणें, काठीनें वा चाबकानें मारणें, मिरचीची धुरी देणें यांविषयीं आहे. असे प्रकार घडत आले, म्हणूनच तें लिहावें लागलें. ज्या मुलीस मेलेल्या आजीची हांक ऐकूं येते, तिच्याविषयीं घरांत काय बोललें जाईल, याचा विचार लेखकानें आठ पानांत उरकावा काय?

कॉनन डॉयलनें १९०१ सालीं 'दि हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी मासिकांतून लिहावयास घेतली. तींतही एका घराण्याच्या मागें लागलेलें पिशाच आहे, धुकें आहे, रात्रींचें रडणें आहे. पण लंडनच्या हॉटेलांत, पिशाच अजून दूर असतांना, एक क्षुल्लक चोरी होते. वारसदार सर हेन्री यांचा नवा कोरा बूट नाहींसा होतो, एकच. मग त्यांचा एक जुना बूट जातो आणि नवा परत मिळतो. चोरास नवा नको व जुना हवा, असें कां? उत्तर त्याच पानापासून वाचकासमोर पडलेलें असतें. तें आम्ही येथें सांगणार नाहीं. पुस्तक शाळेच्या ग्रंथालयांत खिडकीजवळच्या कपाटांत आहे. प्रत एकच आहे, तेव्हां आठ दिवसांत परत करावी, आणि समासांत पेन्सिलीनें चोराचें नांव लिहूं नये.