चॉकलेट आणि मनाची उभारी

चॉकलेटची ओळख लहानपणी होते आणि ती बहुधा आनंदाच्या प्रसंगी होते. वाढदिवसाला वर्गात वाटलेले, निकालानंतर हातावर ठेवलेले, रडणाऱ्याची समजूत काढायला दिलेले. गोड आणि स्निग्ध चव जिभेवर आली की मेंदूत डोपामाइन स्रवते. त्याच वेळी कौतुकही मिळत गेल्याने चव आणि माया यांची सांगड पक्की होते. पुढे नुसता वेष्टनाचा आवाजही ओढ जागवतो. कोको बटर सुमारे 34 अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. तोंडात अलगद विरघळण्याचे सुख त्यातूनच मिळते.

तारुण्यात चॉकलेट अभ्यासाच्या जागरणात सोबत करते. 70 ते 85 टक्के कोको असलेल्या 100 ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे 800 मिलिग्रॅम थिओब्रोमाइन आणि 80 मिलिग्रॅम कॅफिन असते. जागेपणी मेंदूत साठणाऱ्या अ‍ॅडेनोसिनमुळे झोप येते. ही दोन्ही द्रव्ये, विशेषतः कॅफिन, त्याचा परिणाम रोखतात आणि तरतरी येते. याच वयात चॉकलेट प्रेमाची भेट बनते आणि त्यातील फेनिलइथिलअमाइन या ‘प्रेमाच्या रसायना’ची चर्चा होते. परंतु मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा बहुतेक भाग मेंदूत पोहोचण्याआधीच मोडून टाकते. आनंदाशी जोडले गेलेले अ‍ॅनंडमाइडही चॉकलेटमध्ये नगण्यच असते.

संसार आणि नोकरीच्या ताणात चॉकलेटची तलफ येते, तेव्हा शरीर नेमके काय मागते? मिचनर आणि रोझिन या संशोधकांनी 1994 मध्ये याचा शोध घेतला. चॉकलेटची ओढ असलेल्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा तलफ शमली नाही. कोकोची भुकटी नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटने ती काही प्रमाणात शमली आणि मिल्क चॉकलेटने सर्वाधिक. म्हणजे ओढ मुख्यतः चव, गंध आणि स्पर्शाची होती.

उतारवयात चॉकलेटकडून आशा स्मरणशक्तीची असते. कोकोतील फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्या सैलावतात, हे खरे. तरीही अमेरिकेत दोन हजारांहून अधिक ज्येष्ठांना तीन वर्षे कोकोचा अर्क देऊन झालेल्या ‘कॉसमॉस-माइंड’ चाचणीत आकलनशक्तीला एकंदर लाभ दिसला नाही.

म्हणून चॉकलेट आनंदासाठी, थोडे आणि सावकाश खावे. आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या उदासीवर मात्र ते औषध नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.