दहा हजार फेकी

आमच्या घराण्याचा माशाशी संबंध दशावतारातल्या पहिल्या अवतारापुरता. त्यालाही आम्ही लांबूनच नमस्कार करतो. तेव्हा २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, हेवर्ड नावाच्या गावी, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मी दोन तास उभा होतो हे आजोबांना स्वर्गात कळले असेल, तर त्यांनी नक्कीच आंघोळ केली असेल.

गेलो होतो धाकट्या भावाकडे. तिकीट त्यानेच पाठवले. बँकेच्या एलएफसीत अमेरिका बसत नाही. निघताना आईने दोन किलो भाजणीच्या चकल्या बांधून दिल्या आणि एकच काम सांगितले, "त्याला एकदा घेऊन ये." धाकटा २००३ साली गेला. सुरुवातीला तीनदा येऊन गेला. गेली सहा वर्षे नुसते "पुढच्या वर्षी नक्की" चालले आहे. आता मी पडलो क्लार्क. थकबाकीदारापुढे विषय कसा काढावा हे मला इतक्या नोकरीत जमलेले नाही. चार दिवस चकल्या खाण्यात गेले. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "दादा, चल, मस्कीला जाऊ." मला वाटले, कुणाकडे तरी जेवायला बोलावले आहे.

मस्की हा मासा निघाला. पूर्ण नाव मस्केलंज. गोड्या पाण्यातला, अंगाने लांबलचक, तोंडभर सुयांसारखे दात. आपल्याकडे जसे शेकरू, तसा विस्कॉन्सिनमध्ये हा १९५५ पासून राज्यमासा आहे. हेवर्डला त्याचा फायबरग्लासचा १४३ फुटी पुतळा आहे आणि त्याच्या जबड्यात उभे राहायला चक्क सज्जा केलेला आहे. मी तिथे उभा राहून फोटो काढून घेतला. कसलेही आमिष न दाखवता माशाच्या तोंडात जाणारा गिऱ्हाईक मीच.

"याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात," धाकटा कौतुकाने म्हणाला. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा, तेव्हा एक लागतो.

"तुला किती लागले?"

"दोन वर्षं झाली. अजून एकही नाही. पण मागे येतात!"

त्याच्या पेटीत चाळीस आमिषे होती. आमच्याकडे अशा खात्याला अनुत्पादक म्हणतात आणि पुढचे कर्ज थांबवतात. हा मात्र एकेचाळिसाव्या खरेदीला निघाला होता.

आमिष म्हणजे मला कणकेची गोळी ठाऊक. इथे एका भिंतीवर तुळशीबाग लटकलेली! एक प्रकार हरणाच्या शेपटीच्या केसांचा, पुढे दोन गोल पाती. ओढले की पाती गरगरतात आणि त्या थरथरीने मासा येतो. दुसऱ्याच्या नाकाला प्लास्टिकची जीभ, तिच्यामुळे तो पाण्यात बुडी मारतो. तिसरा नुसता लाकडाचा ठोकळा. त्याला स्वतःची म्हणून काही हालचाल नाही, काठीने हिसका द्याल तेवढाच तो सरकणार. याच्याशी मात्र माझी कार्यालयीन ओळख पटली. चौथा पृष्ठभागावर खळखळाट करत जाणारा. पाचवा मऊ रबराचा, शेपटी हलवणारा. त्यातला सर्वांत मोठा एक पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आमच्याकडे एवढ्यात चौघांची भाजी होते.

"रंग कसा निवडायचा?" मी विचारले.

"पाणी स्वच्छ असेल तर माशासारखा साधा. गढूळ असेल तर भडक. आभाळ भरलं तर काळा."

"हे माशाला माहीत आहे?"

धाकट्याने उत्तर दिले नाही. मी किमतीचे कागद उलटून पाहू लागलो. एक नग तीस डॉलर. गुणिले ८५, दोन हजार पाचशे पन्नास. शेवटी मी बँकेत करतात तसे केले, सरळ अनुभवी माणसाला विचारले. गल्ल्यावर टोपीवाले म्हातारे गृहस्थ होते. "यातल्या कोणत्या आमिषाला मासा लागतो?"

"जे पाण्यात असतं त्याला," ते म्हणाले. "भिंतीवरच्याला अजून लागलेला नाही." मग त्यांनी धाकट्याला विचारले, "जाळं केवढं आहे?"

धाकट्याने हाताने दाखवले. म्हातारबुवांनी मान हलवली. एवढ्यात मस्कीचे डोके मावेल, म्हणाले. मग त्यांनी आमिषे बाजूला ठेवून आधी मोठे जाळे काढले, लांब चोचीची पक्कड काढली आणि गळाचे पोलाद तोडायची कातर काढली. दात दोरी कापतात म्हणून दोरीच्या टोकाला बांधायच्या दोन पोलादी तारा काढल्या. गळ खोल रुतला तर उपटायचा नाही, कातरीने तोडायचा आणि मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवायचा.

"हे सगळं कशासाठी?"

"सोडण्यासाठी." बहुतेक पाण्यांत चाळीस इंचांखालचा मासा ठेवायचाच नाही असा नियम, त्याहून मोठाही बरेच जण सोडून देतात. एवढे वाढायला त्याला कितीतरी वर्षे लागतात. "सोडायची सोय नसेल तर आमिष घेऊ नका," म्हातारबुवा म्हणाले.

म्हणजे कर्ज काढून वसुली करायची आणि वसूल झाले की माफ करायचे! चारशे डॉलर झाले, चौतीस हजार रुपये. धाकट्याने हसत कार्ड पुढे केले. माझाच हात थरथरला.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी मोजून दोनशे अकरा वेळा फेकले. दोनशे बाराव्याला पाण्यातून एक लांब सावली आमिषामागे आली, अगदी नावेच्या कडेपर्यंत. मी हरखून हात थांबवला. ती वळली आणि गेली.

"दादा, कडेला थांबायचं नसतं! आमिष पाण्यातच ठेवून आठाचा आकडा काढायचा!"

"काढला की!"

"अरे, तो मराठी ८ काढलास. तो खालून उघडा राहतो. इंग्रजी आठ काढ, बंद होणारा. तो मागे येतो, पण वळणावरच धरतो."

विमानतळावर धाकटा नेहमीप्रमाणे म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की येतो." एरवी मी इथेच हात थांबवतो. या वेळी थांबलो नाही. म्हटले, "महिना कोणता?" तो म्हणाला, "बघू." मी म्हटले, "आईला चकली पाडताना आता सोऱ्या दाबवत नाही, शेजारीण दाबते. महिना कोणता?" तो बराच वेळ माझ्या बॅगेच्या चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डिसेंबरची भाडी बघतो."

भाडी बघतो म्हणजे तिकीट नव्हे, एवढे मला कळते.

त्याने दिलेले आमिष, गळ काढून, मी घरी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगले आहे. आईने विचारले, "याला मासा लागतो?"

"दहा हजार वेळा टाकावं लागतं म्हणे."

आई दर रविवारी त्याला फोनवर विचारते, कधी येतोस. मी मनातल्या मनात हिशेब केला, बावीस वर्षे गुणिले बावन्न. "तुझे अकराशे चव्वेचाळीस झालेत," मी म्हटले.

आईने चष्मा पुसला आणि कॅलेंडरवर रविवार शोधला.

"मग अजून बरेच आहेत की शिल्लक," ती म्हणाली.