कानांतला सोबती

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यास माझ्या नातीनें माझ्या हातावर एक लहानशी पुडी ठेविली आणि म्हणाली, "आजोबा, उघडून पाहा." मला वाटलें, सुगंधी सुपारी असेल. उघडून पाहतों तों आंत आगपेटीच्या निम्म्या आकाराची एक चपटी डबी. तिला पाठीमागें चिमटा, पुढें चारपांच कळा आणि एका अंगास बारीकसें छिद्र. सोबत पांढऱ्या तारेची एक जोडी. गाणीं वाजविणारें यंत्र तें हेंच, असें मला सांगण्यांत आलें. त्याला पडदा नाहीं, कर्णा नाहीं, तबकडी नाहीं. सदऱ्याला चिमट्यानें अडकवावें, तारेचीं टोंकें कानांत घालावीं आणि चालूं लागावें, एवढाच त्याचा विधि.

हें यंत्र माझ्या वांट्यास येण्याचें कारण माझ्या रक्तांतील साखर. सेवानिवृत्त झाल्यापासून मी रोज पहांटे पर्वतीवर जात असें. सोबत आमच्याच आळींतले एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर. आमचें चालणें किती आणि बोलणें किती, याचा हिशेब कोणीं मागितला असता तर मान खालीं घालावी लागली असती. डॉक्टरांनीं तो मागितलाच. ते म्हणाले, "मास्तर, हें चालणें नव्हे, हा गप्पांचा फड आहे. रोज निदान चाळीस मिनिटें, थोडा दम लागेल इतक्या वेगानें चाला." जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास किमान दीडशें मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, हेंहि त्यांनीं वर ऐकविलें. कुमारसंभवांतील शरीररक्षणाविषयींचा तो प्रसिद्ध चरण मी तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. आतां तो माझ्याच अंगावर उलटला!

"पण गाणीं फोनमध्येंहि असतातच कीं," मीं शंका काढली. त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, फोन बरोबर असला म्हणजे तुम्ही दर दहा पायऱ्यांवर कोणाची तरी चौकशी करीत उभे राहतां." मी निरुत्तर झालों.

यंत्रांत कोणतीं गाणीं भरावीं असें नातीनें विचारलें. मी पडलों जुन्या वळणाचा माणूस. प्रातःकाळची वेळ, तेव्हां ललत आणि तोडी यांवांचून दुसरें काय सांगणार? दुसरे दिवशीं पर्वतीच्या पायथ्याशीं उभें राहून मीं कळ दाबली. कानांत ललताचा विलंबित ख्याल सुरू झाला. विलंबित एकतालाची एक एक मात्रा किती ऐसपैस असते, हें जाणत्यांस सांगावयास नको. माझीं पावलें आपोआप त्या लयीस धरून पडूं लागलीं आणि गवयास समेवर यावयास जितका वेळ लागला तितक्या अवधींत काठी टेंकीत चालणाऱ्या दोन आजीबाई मला मागें टाकून वर गेल्या. पुढें द्रुत तराणा लागला तेव्हां उलट प्रकार झाला. पाय लयीमागें धांवूं लागले, छाती भात्यासारखी उडूं लागली आणि मी कसाबसा बाजूस टेंकून उभा राहिलों. घरीं येऊन हें वर्तमान सांगितलें तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गाणें ऐकायला गेलां होतां कीं चालायला, तें आधीं ठरवा!"

अखेर नातीनें घड्याळ लावून माझीं पावलें मोजलीं. मिनिटास सुमारें शंभर भरलीं. त्या बेताच्या मध्यलयींतलीं नाट्यपदें आणि भजनें तिनें निवडून भरून दिलीं, आणि त्या दिवसापासून यंत्राचें व माझें गोत्र जुळलें. ताल पावलाला उचलून धरतो आणि श्रमाची जाणीव बोथट करतो, याचा मला रोज अनुभव येऊं लागला. यांत नवल कांहीं नाहीं. १९११ सालीं लिओनार्ड एअर्स नांवाच्या अमेरिकन संशोधकानें न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकलशर्यतीचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. बँड वाजत असतांना स्वारांचा वेग ताशीं सरासरी १९.६ मैल पडे, बँड थांबला कीं तो १७.९ मैलांवर येई, असें त्याला आढळलें. आपल्या आयाबायांस हें सायकलीवांचूनच ठाऊक होतें. जात्यावरच्या ओव्या काय, मोटेवरचीं गाणीं काय, कष्ट हलके करण्यासाठींच जन्मास आलीं. आणि आषाढी वारी तर डोळ्यांपुढें आहे. आळंदीहून पंढरपुरापर्यंतची ती अडीचशें किलोमीटरांची वाट साठसत्तर वर्षांचीं माणसें टाळमृदंगाच्या ठेक्यावर चालून जातात.

तीन महिन्यांनीं रक्त तपासलें. साखर उतरली होती, वजन चार किलो घटलें होतें. डॉक्टर प्रसन्न झाले. मी भेटेल त्याला यंत्राची थोरवी सांगूं लागलों.

परंतु कोणतीहि वस्तु विकत घेतली म्हणजे तिचे दोष पावतीबरोबर हातांत पडत नाहींत. ते मागाहून येतात. कळा इतक्या बारीक कीं आवाज कमी करावा म्हटलें तर पद बदले. तारांचा गुंता तर असा होई कीं तो सोडवितांना निम्मी पर्वती चढून झाली असती. श्रावणांत घामानें आणि पावसाच्या झडीनें डाव्या कानाचें टोंक मुकें झालें. दुकानांत गेलों. दुकानदारानें कागद पुढें केला आणि ओलाव्यानें झालेला बिघाड हमींत बसत नाहीं, हें कलम बोट ठेवून दाखविलें. "अहो, व्यायामासाठीं म्हणून तुम्हीं ही वस्तु विकतां आणि घाम आला कीं हमी संपते, हा कोणता न्याय?" असें मीं विचारलें. तो बिचारा हंसला. त्यानें मला दुसरी तारजोडी विकली. तिचीं टोंकें रबराचीं, कानांत घट्ट बसणारीं. एकदां घातलीं म्हणजे बाहेरचा कोलाहल बंद. "आतां तुम्ही आणि तुमचें गाणें," असें तो म्हणाला. त्या वेळीं हें मला मोठें भाग्याचें वाटलें.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पोस्टमास्तर माझ्याबरोबर येत होतेच. त्यांच्या पत्नी जाऊन चार वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून त्यांच्या गोष्टी त्याच त्याच होऊं लागल्या होत्या: कोंकणांतल्या पहिल्या नेमणुकीची, पुरांतून टपालाची थैली वांचविल्याची, पत्नीच्या शेवटच्या दुखण्याची. मला त्या तोंडपाठ होत्या. यंत्र आलें आणि मला त्यांतून सुटका मिळाली. मी पुढें जाई, ते मागून येत. वर पोहोंचल्यावर मी एक टोंक काढून "काय पोस्टमास्तर, बरें आहे ना?" असें विचारीं, ते मान हलवीत. डॉक्टरांची आज्ञा आहे, असें मी स्वतःस सांगत असें. आज्ञा होती हें खरें. पण त्या आज्ञेच्या आड मी लपलों होतों, हेंहि तितकेंच खरें.

कार्तिकांतली ती सकाळ. धुकें होतें. कानांत एक आवडतें नाट्यपद रंगलें होतें आणि पायऱ्या कशा सरल्या हें मला कळलें नाहीं. वर जाऊन मागें पाहिलें तों पोस्टमास्तर दिसेनात. थोडा वेळ थांबलों. मग खालीं उतरलों. निम्म्या वाटेवर पांचसहा माणसें जमलेलीं दिसलीं. मध्यें पोस्टमास्तर पायरीवर बसलेले, चेहरा पांढराफटक, अंग घामानें थबथबलेलें. मधुमेहाची गोळी घेऊन ते उपाशीपोटीं निघाले होते, त्यामुळें रक्तांतली साखर एकाएकीं उतरली होती. व्यायामास आलेल्या एका कॉलेजांतल्या मुलीनें तें ओळखलें आणि आपल्याजवळच्या पेपरमिंटच्या गोळ्या त्यांच्या तोंडांत घातल्या. दहापंधरा मिनिटांत त्यांस हुशारी आली. मला पाहून ते क्षीण हंसले आणि म्हणाले, "मास्तर, तीन हांका मारल्या हो तुम्हांला."

त्यांत रोष नव्हता, केवळ हकीकत होती. रोष असता तर बरें झालें असतें. माझ्या एका कानांतलें रबरी टोंक त्या वेळींहि तसेंच होतें आणि त्यांतून पदाची शेवटची तान ऐकूं येत होती. तें टोंक काढतांना मला जी लाज वाटली ती शब्दांत सांगतां येणार नाहीं.

संध्याकाळीं मी त्यांच्या घरीं गेलों. चहा झाला. मग ते म्हणाले, "आठपंधरा दिवस एक गोष्ट तुम्हांला सांगायची होती; पण तुम्ही गाण्यांत असतां. मुलानें बंगळूरला बोलाविलें आहे. येथलें बिऱ्हाड मोडून माघांत कायमचा जाणार." अकरा वर्षांचा सोबती गांव सोडून चालला होता, ही बातमी माझ्या उजव्या हाताशीं आठपंधरा दिवस चालत होती, आणि मीं दोन्ही कान बुजवून घेतले होते!

त्यानंतरचे तीन महिने यंत्र कपाटांत राहिलें. आम्ही दोघे जोडीनें चढत होतों; ते दमले कीं मी थांबत होतों. त्यांच्या त्या तीन गोष्टी मीं पुन्हां ऐकल्या. आश्चर्य असें कीं मला पाठ आहेत असें मी समजत होतों, त्या पाठ नव्हत्या. पुराच्या गोष्टींत थैली घेऊन पाण्यांत उतरण्यापूर्वीं त्यांनीं घरीं चिठ्ठी लिहून ठेविली होती, हें मला प्रथमच कळलें. कदाचित् त्यांनीं तें पूर्वींहि सांगितलें असेल. साखर मात्र वाढली नाहीं. कारण उरलेल्या वेळांत मी संध्याकाळीं कालव्याच्या कडेनें एकटाच झपझप चालून येत असें.

याच सुमारास नातीनें मला या यंत्राच्या पूर्वजाची माहिती वाचून दाखविली. १९७९ च्या जुलैंत जपानांत सोनी कंपनीनें पहिला 'वॉकमन' विक्रीस काढला, तेव्हां त्याला कानाच्या तारा जोडण्यासाठीं एक नव्हे, दोन छिद्रें होतीं. शिवाय एक नारिंगी कळ होती. ती दाबली म्हणजे गाणें हळू होई आणि यंत्रांतल्या ध्वनिग्राहकामुळें एकाचें बोलणें दुसऱ्यास ऐकूं येई. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांस माणसानें एकट्यानेंच ऐकत बसणें असभ्यपणाचें वाटलें होतें, म्हणून ही योजना. लोकांनीं मात्र तें यंत्र एकट्यानें ऐकण्यासाठींच घेतलें. पुढच्या यंत्रांतून ती कळ गेली, मग दुसरें छिद्रहि गेलें. माझ्या डबीस एकच छिद्र आहे तें त्यामुळें. दोष यंत्र करणाराचा कीं घेणाराचा, याचा निवाडा वाचकांनींच करावा. ओवीला जात्याच्या पलीकडे दुसरा हात असतो, दिंडींत टाळाला टाळ भेटतो. आमचें गाणें तेवढें एका माणसापुरतें उरलें.

तरीहि यंत्रास मी वाईट म्हणणार नाहीं. ज्याच्या शेजारीं कोणी चालत नाहीं, त्याला तें उत्तम सोबत करतें. ज्याच्या शेजारीं कोणी आहे, त्यानें तें खिशांत ठेवावें, एवढेंच. म्हणूनच माघांत पोस्टमास्तर निघाले तेव्हां स्टेशनावर मीं ती डबी त्यांच्या हातांत दिली. परक्या गांवीं, परक्या भाषेंत, पहांटे कोणाशीं बोलणार ते? त्यांनीं आढेवेढे न घेतां ती सदऱ्याला लावली. मीं रबरी टोंकांची तारहि पुढें केली. ती मात्र त्यांनीं परत दिली. म्हणाले, "ती नको. ती जुनी असेल तर द्या, डाव्या कानाची मुकी."

आतां मी पर्वती एकटाच चढतों. कधीं कधीं गाण्याची आठवण होते, पण दुसरें यंत्र घेतलें नाहीं. मागून कोणी हांक मारील असें अजून वाटत राहतें. परवां पोस्टमास्तरांचा फोन आला. तेथल्या बागेंत रोज अर्धा तास चालतात, प्रकृति बरी आहे. "आणि यंत्र?" मीं विचारलें.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "एका कानानें तुमचीं नाट्यपदें ऐकतों. दुसरा मोकळा आहे. कोणी मराठी बोललें तर कळावें म्हणून."