‘वडील काय करतात?’

आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना आता लेखी परीक्षेचे भय फारसे उरलेले नाही. दहावी-बारावीला ती चांगले गुण आणतात, नीटसारख्या ७२० गुणांच्या परीक्षेलाही बसतात. ओएमआरच्या कागदावर गोल काळे करताना त्या कागदाला आपले आडनाव कळत नाही. आपण कोणत्या चाळीत राहतो हे तो विचारत नाही. भय आहे ते मुलाखतीचे. समोरचा माणूस विचारणार आणि आपण तोंडाने सांगायचे. त्यातही पहिल्या चार प्रश्नांत एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘वडील काय करतात?’

या प्रश्नाची तयारी आमच्या घरात गेला महिनाभर चालू आहे. म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहतो. मी बदलापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगचे काम करते. मुलीचे बाबा उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवतात. थोरली मुलगी मराठी शाळेत शिकलेली. तिने यंदा नीट दिली आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे एएफएमसीच्या, मुलाखतीचे तिला बोलावणे आले.

एमबीबीएसचा प्रवेश बहुतेक ठिकाणी नीटच्या गुणांवरच होतो, मुलाखत नसते. एएफएमसीचे तसे नाही. १९४८ साली सुरू झालेल्या या संस्थेत डॉक्टरकी आणि लष्करी अधिकारीपद यांची जोड आहे. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्याबदल्यात सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत काम करण्याची लेखी हमी घेते. म्हणून नीटनंतर इंग्रजी व तर्काची चाचणी, मानसिक चाचणी, मुलाखत आणि शरीरतपासणी असे सगळे होते. मुलींच्या जागा मुलांच्या मानाने फारच थोड्या असतात. आमच्यासारख्या घराला खर्चाविना डॉक्टर होण्याची ही वाट सोडण्यासारखी नव्हती.

मुलाखतीचे क्लास पुण्या-मुंबईला आहेत, पण त्यांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. तेव्हा मी धाकट्या भावाला फोन लावला. तो लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता वाशीमकडे शेती बघतो. तो म्हणाला, “ताई, इकडे व्हिडिओ चालत नाही. साध्या फोनवर रोज रात्री नऊला मीच मुलाखत घेतो. पोरीला सांग, स्पीकर लावायचा नाही, फोन कानाला.”

पहिल्या रात्री मामाने विचारले, “स्वतःबद्दल सांग.” मुलगी एका दमात नाव, गाव, टक्के सांगून मोकळी झाली. मामा म्हणाला, “ट्रेन चुकणार आहे का तुझी? पुन्हा सांग.” फोनवर चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत. घाबरलेला श्वास मात्र पलीकडे स्पष्ट ऐकू जातो. प्रश्न पुरा ऐकायचा, एक श्वास घ्यायचा, मग बोलायचे, एवढे शिकायलाच चार रात्री गेल्या. इंग्रजीचेही तसेच. मोठी वाक्ये मध्येच तुटत होती. मामाने सांगितले, “लहान वाक्य कर. पाच शब्दांचं बरोबर वाक्य पंधरा शब्दांच्या चुकीच्या वाक्यापेक्षा मोठं.”

पुढचा प्रश्न होता, डॉक्टर का व्हायचे? “समाजसेवा करायची आहे,” मुलगी म्हणाली. मामा म्हणाला, “हे तर सगळेच सांगतात. तुला पहिल्यांदा कधी वाटलं?” मग ती सांगू लागली. आजीला क्षय झाला होता. सहा महिने औषध घ्यायचे होते. दोन महिन्यांत खोकला थांबला तशी आजी गोळ्या टाळू लागली. तेव्हा मुलगी आठवीत होती. तिने कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली आणि खूण झाल्याशिवाय आजीला चहा मिळत नसे. बरे वाटले तरी जंतू शिल्लक असतात, औषध मध्येच सोडले तर ते औषधाला दाद देईनासे होतात, हे तिने दवाखान्यातल्या ताईंकडून विचारून घेतले होते. आजी बरी झाली. मामा म्हणाला, “हेच सांग. दुसऱ्या कोणाला हे सांगता येणार नाही.”

गावाबद्दलही विचारतात म्हणून तिने तेही जमवले. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, म्हणून आजही पत्त्यात कॅम्पाचा नंबर. आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस. हजारावर प्रवासी होते, त्यांत गरोदर बायाही होत्या. आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सैन्यातला डॉक्टर फक्त सीमेवर लागत नाही, हे सांगायला आमच्या गावाइतके चांगले उदाहरण कोणते?

एवढे सगळे जमले. अडले ते ‘वडील काय करतात?’ या प्रश्नावर.

पहिल्यांदा मुलगी म्हणाली, “प्रायव्हेट जॉब.” मामाने विचारले, “कसला?” ती म्हणाली, “गारमेंटचा बिझनेस.” मामाने विचारले, “कामगार किती आहेत?” इकडे आवाज बंद. दहा बाय बाराची खोली, सगळे सगळ्यांना ऐकू येते. तिचे बाबा जेवत होते. ते ताटावरून म्हणाले, “सांग ना, शिलाई मारतो. नगावर पैसे मिळतात. चोरी करत नाही.”

तिला बापाची लाज वाटते असे नाही. शाळेपासून कोणी हा प्रश्न विचारला की त्याच्या मागून दुसरा प्रश्न येतो हे तिला ठाऊक आहे. गाव कोणते, पूर्ण नाव काय, आणि मग समोरच्याचा चेहरा बदलतो. म्हणून ती अर्धेच उत्तर देऊन बाजूला होत होती. आपल्यापैकी किती जणांनी असे केले असेल!

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडी परीक्षेला होते. दोन-तीन मिनिटांत मुलाखत उरकत असे आणि विचारत काय, तर आईवडील कोण, राहता कुठे! मुले सर्वोच्च न्यायालयात गेली. अजय हसिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरात निकाल लागला. मुलाखत घेऊच नका असे न्यायालय म्हणाले नाही. पण अशा प्रवेशात तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे म्हटले. मुलाखती टेप करून ठेवाव्यात, असेही सुचवले. आपल्या मुलांना हे माहीत असावे. मुलाखत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तिलाही नियम आहेत.

नियम आपले रक्षण करतात, पण उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. १९१३ साली बाबासाहेब परदेशी शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांना भेटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले होते. पाठीशी पैसा नव्हता, वशिला नव्हता. होते ते शिक्षण आणि पुढे काय शिकायचे याची स्पष्टता. त्या भेटीतून कोलंबियाचा रस्ता उघडला.

मामाने मुलीला एक काम दिले : एक दिवस बाबांबरोबर कारखान्यात जा. ती गेली. जीन्सचे जाड कापड किती सुईने शिवतात, एका पँटला किती जोड असतात, मशीनचा टाका सुटला तर नग परत कसा येतो आणि त्याचे पैसे कसे कापतात, हे सगळे ती वहीत लिहून आली. त्या रात्री मामाने पुन्हा विचारले तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, माझे वडील शिलाई कामगार आहेत, ते जीन्स शिवतात, एक टाका सुटला तर पूर्ण नग परत येतो, त्यामुळे नीट काम करणे मी घरी शिकले. पलीकडे मामा थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “पास.” बाबा मात्र तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. जागा थोड्या, मुले फार, तेव्हा निवड होईलच असे धरून आम्ही चाललेलो नाही. तिथे झाली नाही तर राज्याच्या यादीतून सरकारी महाविद्यालय आहेच, त्याचे अर्ज वेळेवर भरले आहेत.

ज्यांच्या घरात मोठी मुले आहेत त्यांना एवढेच सांगणे. २०२० च्या कोरोनानंतर कितीतरी संस्था आणि नोकऱ्यांच्या मुलाखती फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ लागल्या आहेत. फोन भरून ठेवा. त्या वेळी घरातला टीव्ही बंद ठेवा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, किंवा विहारात दुपारी शांत असते तिथे मुलाला बसवा. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ असे सरळ म्हणायला शिकवा. आणि आपण कोणते काम करतो, ते कसे करतो, हे मुलांना नेऊन दाखवा.

आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी रेल्वेत, पोस्टात, बँकेत, दवाखान्यात, सैन्यात असतेच. त्यांना रोज पंधरा मिनिटे मागा. ती माणसे नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.