तीन खणांचा डबा

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

बाबा घरी आले. मुंबईहून रत्नागिरीपर्यंत रेल्वे, पुढं भाड्याची गाडी. बायपासला आज बारा दिवस झाले. मागच्या सीटवर छातीशी उशी धरून बसले होते. खोकला आला की ती घट्ट आवळायची, असं शिकवून पाठवलंय. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलेलं आहे. ते सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड उचलायचं नाही, हातांवर भार देऊन उठायचं नाही, उताणंच झोपायचं, गाडी चालवायची नाही.

हे शेवटचं डॉक्टरांनी सहज सांगितलं. पण बाबांनी चौतीस वर्षं एसटी चालवली आहे. निवळी फाट्याला आमची गाडी जयगडच्या रस्त्याला लागली तसे ते सावरून बसले. जाकादेवी, चाफे, खंडाळा. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. डाव्या पायावर टाक्यांची लांब रांग आहे, तिथली शीर काढून हृदयाला जोडली आहे. खंडाळा मागं पडल्यावर खाडीचा वास आला आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल.

३ डिसेंबर, रविवार

बाबा जेवत नाहीत. सकाळी आटवल दोन चमचे, दुपारी मुगाचं कढण अर्धी वाटी, रात्री तेही नाही. "तोंडात लोखंड धरल्यासारखं लागतं," म्हणाले. ऑपरेशननंतर काही आठवडे चव जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आईला ते पटत नाही. चव गेली म्हणजे आपल्या हाताची चव गेली, असं तिनं मनाला लावून घेतलंय.

मिठाचा हिशेब तिनं फार काटेकोर ठेवलाय. दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, त्याहून जास्त मीठ कुणाच्याच पोटात जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाबांना त्याहूनही कमी सांगितलंय. आईनं सकाळी अर्धा चमचा मीठ वाटीत काढून ठेवलं, दिवसभरात त्यातलंच वापरायचं. पापड, लोणचं, खारा बांगडा, सुकट सगळं वरच्या फळीवर गेलं. मी सोलकढी करायला घेतली तेव्हा तिनं माझा हात धरला. आगळात मीठ घातलेलं असतंच, ते टिकायला. आम्ही सगळे ते विसरलो होतो. मग शेजारून बिनमिठाची आमसुलं आणली आणि ती भिजवून कोळ काढला.

एवढं करून ताट पुढं ठेवलं तर ते बघत बसले. आम्ही चौघं, आई, दादा, वहिनी आणि मी, त्यांच्याकडे बघत होतो. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, नुसतं पाणी. बायपासनंतर पुष्कळांना असं उगीच रडू येतं, हेही आम्हांला सांगितलं होतं. आधी माहीत असूनही उपयोग झाला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

रात्री दादाच्या मुलानं मोबाइलवरून वाचून दाखवलं. पायातली शीर हृदयाला जोडायची ही रीत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला बसवली. त्याआधी बारा वर्षं ते आपल्या देशातल्या एका लहानशा गावात साधी डॉक्टरकी करत होते. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हंजे वस्तीच्या गाडीवरचा माणूस होता," एवढंच म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य.

६ डिसेंबर

फाटकापर्यंत दोन फेऱ्या. श्वास आत ओढायच्या यंत्रातला दुसरा चेंडू वर गेला. जेवण तेवढंच.

१० डिसेंबर, रविवार

आज जयगड किल्ल्यावर गेलो. दादाचीच कल्पना. गाडी दरवाज्यापर्यंत जाते, चढ नाही. विजापूरकरांच्या काळातला हा किल्ला. पुढं संगमेश्वरच्या नाईकांकडे, मग आंग्र्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये लढाई न होता इंग्रजांना मिळाला. आत जयबाचं स्थान आहे. बुरूज उभा राहीना म्हणून ज्यानं स्वतःचा बळी देऊ केला असं सांगतात, त्याच्यावरून गडाचं नाव. बाबांनी तिथं नेहमीसारखा हात जोडला, पण वाकता येईना म्हणून मान तेवढी लववली. मग तटाच्या सावलीत खुर्ची टाकली. समोर शास्त्री नदी समुद्राला मिळते ते रुंद मुख, पलीकडे तवसाळचा डोंगर, मधून फेरीबोट चाललेली.

घरी परतायला एक वाजला असता, म्हणून आईनं निघताना डबा भरून घेतला होता. तीन खणांचा, स्टीलचा, बाबांचा नोकरीतला. निवृत्त झाल्यापासून तो खुंटीला लटकत होता. तांदळाची भाकरी, पडवळाची भाजी, कुळथाची घट्ट पिठी.

डबा बघून बाबा म्हणाले, "इकडं आण."

मांडीवर घेतलान. झाकण उलटं करून त्यात भाजी काढलीन, भाकरी मोडलीन आणि खायला लागले. समुद्राकडे बघत. आमच्याकडे पाठ. एक भाकरी संपली, दुसरी अर्धी. पिठी बोटानं पुसून घेतली. आईनं मला गप्प राहायची खूण केली आणि स्वतः तटाच्या कडेला जाऊन उभी राहिली, जणू तिला बोटच बघायची होती.

रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "ह्यांनी रात्रीचं जेवण घरात निम्मं पण केलं नसेल गो." संध्याकाळची वस्तीची गाडी घेऊन कुठल्या तरी गावात मुक्काम, शाळेच्या पडवीत डबा, पहाटे परत. दुपारी स्टँडवर, गाडीच्या पायरीवर. मी लहानपणी त्यांना घरात जेवताना बघितलं ते सणासुदीला. तो माणूस आम्ही खुर्चीत बसवला, चार जणांनी गराडा घातला आणि म्हटलं, जेवा. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मला हे दिसलं नव्हतं, याचं वाईट वाटत राहिलं.

१४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईनं घट मांडला, त्यामुळे मासळीचा प्रश्नच नव्हता. नांदिवड्याला कऱ्हाटेश्वरला गेलो. देऊळ पायऱ्या उतरून खाली, समुद्राला लागून. पायऱ्या बाबांना इतक्यात झेपायच्या नाहीत, म्हणून ते वरच झाडाखाली थांबले, मी सोबतीला. आई खाली जाऊन गायमुखाचं गोडं पाणी बाटलीत भरून आली. डब्यात वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी होती. बाबा उपास करत नाहीत, तरी आईच्याबरोबर तेच खाल्लं. पाणी ते बाटलीचंच प्यायले.

१९ डिसेंबर, मंगळवार

कालची रात्र वाईट गेली. हे नीट लिहून ठेवायला हवं, पुन्हा होऊ नये म्हणून.

रोज सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं, हा नियम. शनिवारी सकाळी अठ्ठावन्न होतं, सोमवारी सकाळी साठाच्या जवळ. दोन दिवसांत माणूस दोन किलोंनी जाड होत नाही, ते अंगात साठलेलं पाणी असतं. पाय सुजला होता, टाक्यांच्या कडा ताणल्या होत्या, रात्री आडवं होववेना. फोन केला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मीठ कुठून गेलं?"

माझ्या हातून. बाबा डबा खातात या आनंदात मी शनिवारी आणि रविवारी एका खणात सुक्या जवळ्याची चटणी घातली होती. वरच्या फळीवरची बरणी मीच काढली. आईला सांगितलं नाही. चव येत नाही म्हणणाऱ्या माणसाला चव आली होती, दोन्ही दिवस त्यांनी खण चाटून पुसून खाल्ला. लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, रात्रभर पाय उंच ठेवले, दादा आणि मी आळीपाळीनं जागलो. आज सकाळी किलोभर उतरलं आहे, श्वास मोकळा आहे.

आईला सांगितलं. ती रागावली नाही. वरची बरणी काढून शेजारी देऊन आली, एवढंच. बाबा म्हणाले, "चटणी चांगली होती." मला तेवढं पुरलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

२४ डिसेंबर, रविवार

तवसाळला जायचं ठरलं होतं. जेट्टीवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली, नाताळची सुट्टी. बाबांनी रांग बघितली आणि परत फिरायला सांगितलं. वाटेत जयविनायक मंदिराच्या बागेत बसून डबा खाल्ला. २००३ साली बांधलेलं हे देऊळ, वाटा सपाट, बाबांना चालायला सोयीचं. अर्धा तास चालले, मध्ये एकदाच थांबून. घराजवळच्या कलमांना मोहोर फुटायला लागलाय, तो त्यांनीच आधी बघितला.

७ जानेवारी २०२४, रविवार

आज तवसाळला गेलो. ऑपरेशननंतरचा बावन्नावा दिवस. तपासणी चांगली झाली, जवळपास गाडी चालवायलाही आणखी थोड्या दिवसांनी हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडी अलीकडेच ठेवली. फेरीबोटीच्या फळीवरून बाबा आपल्या पायांनी चढले, आईचा हात धरून. खरं तर आईनं त्यांचा धरला होता.

बोट सुटेपर्यंत ते वर आलेच नाहीत. खाली उभं राहून बघत होते, गाड्या कशा लावतात ते. एक माणूस नुसत्या हाताच्या खुणांनी मोठ्या गाड्या मागं घेत होता, मध्ये वीतभर जागा ठेवून. "चांगला हाय," बाबा म्हणाले. एसटीत असताना त्यांनी कुणाची याहून जास्त स्तुती केल्याचं मला आठवत नाही. ही बोट नव्हती तेव्हा पलीकडे जायचं तर राई-भातगावच्या पुलावरून केवढा वळसा पडायचा, ते नातवाला समजावत राहिले. किती वळणं, कुठं चढ, कुठं समोरची गाडी दिसत नाही. पलीकडे पोचेपर्यंत तो रस्ता संपला नव्हता.

तवसाळच्या बाजूला झाडाच्या सावलीत बसलो. डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. तिरफळं घातलेली, मीठ वाटीतलंच. आणि भाकऱ्या. बाबांनी डबा स्वतः उघडलान. आज पाठ केली नाही, आमच्याकडे तोंड करून बसले. पहिला खण आईपुढं ठेवलान, दुसऱ्यातलं नातवाला वाढलान. मी जेट्टीकडे बघत होते, बोट परत निघेल की काय म्हणून.

त्यांनी एक तुकडा काटा काढून माझ्या भाकरीवर ठेवला.

"खा सावकाश. फेरीला अजून वीस मिनटं हायत."